परत आपल्या माणसांत जायचं म्हणजे नेमकं काय काय करावं लागतं? माझ्या फासेपारधी मैत्रिणीच्या निमित्तानं थोडं सविस्तर

शिकून नोकरीला लागलेली पारधी समाजातली एखादी पोरगी जेव्हा म्हणते की मला परत माझ्या माणसांत जायचंय, त्यांची भाषा शिकायचीय, आमचे देव कुठले, आमच्यात लग्नं कशी होतात हे बघायचंय, तेव्हा आजूबाजूच्यांचं उत्तर ठरलेलं असतं, "मग जा की, अडवलंय कुणी?" माझ्या मैत्रिणीला हे हॉस्पिटलच्या स्टाफरूममध्ये ऐकायला लागलं, घरमालकिणीकडून ऐकायला लागलं आणि हे म्हणणारी माणसं काही वाईट नव्हती, त्यांना खरंच वाटतं की एसटीत बसायचं आणि जायचं, एवढंच तर आहे. ते एवढंच का नाहीये हे मला जमेल तेवढं सोपं करून सांगायचंय, कारण आपल्या सातारा-सांगली भागात अशा बऱ्याच पोरी आहेत आणि त्यांच्याबद्दल आपण फार वरवर बोलतो.

मैत्रीण आणि मी साताऱ्याला एकाच हॉस्टेलवर वाढलो. ती आटपाडी भागातल्या एका पालावरची. वडील लवकर गेले, सहाव्या वर्षी तिला कुणी कार्यकर्त्यांनी हॉस्टेलला आणून सोडलं, नंतर आई पण गेली आणि मग सुट्टीत न्यायला येणारं माणूसच उरलं नाही, त्यामुळं आम्ही सगळ्या दिवाळीला घरी आणि ही हॉस्टेलवरच. आता ती पुण्यात नर्स आहे. तिनं सांगितलंय की नाव नको घालू, बाकीचं सगळं लिही.

आता पहिला मुद्दा. ही पोरगी आपल्या समाजापासून तुटली ती काय तिच्या मर्जीनं तुटली नाही आणि फक्त आईबाप गेले म्हणूनही नाही. हे तुटणं कायद्यानं फार आधी सुरू करून ठेवलं होतं. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आणला, सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानात होता, पुढं १९११ च्या कायद्यानं आपल्या मुंबई इलाख्यासकट सगळीकडं लावता यायला लागला आणि १९२४ ला परत नव्यानं पक्का केला. ह्या कायद्यात एखाद्या माणसानं काय केलंय ते बघायचंच नव्हतं, आख्खी जमातच गुन्हेगार म्हणून जाहीर करायची, फासेपारधी त्यातलेच. मग नावं रजिस्टरला चढवायची, बोटांचे ठसे घ्यायचे, हजेरी लावायची, गाव सोडायचं तर पास काढायचा. जे लोक तितर, लावरी, ससा फाशात धरून आणि गावोगाव फिरून जगायचे त्यांना गाव सोडायला परवानगी लागणार, म्हणजे जगण्यावरच पहारा बसला. काहींना तारेच्या कुंपणात, सेटलमेंटमध्ये ठेवलं. सोलापूरच्या त्या भागाला लोक आजसुद्धा सेटलमेंटच म्हणतात.

आणि ह्याच कायद्यात एक कलम होतं जे मला वाटतं शाळेत शिकवायला पायजे. सरकारला वाटलं तर ह्या जमातींची सहा ते अठरा वर्षांची पोरं आईबापांपासून काढून घेऊन सुधारशाळेत किंवा उद्योगशाळेत ठेवता येत होती. पोरानं काही केलं असलंच पायजे असं नाही, जन्म त्या जमातीतला, बास.

हे वाचून कॅनडा, ऑस्ट्रेलियाची आठवण येते कारण तिथं मूळनिवासी लोकांच्या पोरांबाबत हेच झालं आणि फार मोठ्या प्रमाणावर झालं. कॅनडात शंभर वर्षांहून जास्त काळ सरकार आणि चर्च मिळून निवासी शाळा चालवत होते, साधारण दीड लाख पोरं त्यातून गेली, स्वतःची भाषा बोलली तर शिक्षा व्हायची, कितीतरी पोरं परत घरी आलीच नाहीत. ह्या शाळांतली शेवटची १९९० च्या दशकात बंद झाली, म्हणजे ही काही पणजोबाच्या काळातली गोष्ट नव्हे. आणि १९६० च्या आसपास तिथं दुसराच प्रकार वाढला, बालकल्याणवाले पोरं उचलायचे आणि गोऱ्या कुटुंबांना दत्तक द्यायचे, अशी वीस हजाराच्या आसपास पोरं गेली असं धरतात. त्यातल्या पोरी आता साठी-सत्तरीला आल्यात आणि त्यातल्या कितीतरी अजून आपलं गाव, आपली आई, आपली भाषा शोधतायत. २००८ साली दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी संसदेत उभं राहून माफी मागितली, ऑस्ट्रेलियाच्या फेब्रुवारीत आणि कॅनडाच्या जूनमध्ये.

आपल्याकडं तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, म्हणूनच त्या तारखेला विमुक्त दिन पाळतात. पण कायदा गेला आणि पुढं १९५९ ला मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा आला, आणि पोलिसांची, गावाची, शाळेतल्या मास्तरांची नजर होती तशीच राहिली. माझ्या मैत्रिणीला हॉस्टेलवर कुणाचं पेन हरवलं की पहिली हाक यायची. ह्याच्यात तिनं काय शिकावं? ती शिकली की आपण कोण आहोत ते सांगायचं नाही. आणि लपवायला सोपंही होतं कारण पारध्यांची आडनावं पवार, काळे, चव्हाण, भोसले, शिंदे अशीच असतात, साताऱ्यात ह्या आडनावाचं माणूस म्हटलं की समोरचा आपोआप वेगळंच काहीतरी धरून चालतो. कॉलेजात कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. असं पंधरा-वीस वर्षं लपवून जगल्यावर एकदम "जा की गावाला" म्हणणं सोपं असतं, पण त्या माणसाच्या आत काय काय उलटंपालटं होतं ते बघणाऱ्याला दिसत नाही.

इथं एक गोष्ट नीट सांगायला पायजे नाहीतर उगाच गैरसमज होईल. हॉस्टेल ही गोष्टच वाईट असं मी म्हणत नाहीये, साताऱ्यात वाढलेल्या माणसाला ते म्हणताच येणार नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांचं बोर्डिंग काढलं, पोरं एकत्र स्वयंपाक करायची, एका पंगतीला बसायची, आणि ह्या भागातली गोरगरिबांची कितीतरी घरं त्याच्यामुळं वर आली. फरक कशात आहे तर त्या बोर्डिंगात पोराला जातीची शिवी विसरायला लावायची होती, आईबाप विसरायला लावायचे नव्हते. कॅनडातल्या शाळांचं कामच मुळी पोरगं त्याच्या लोकांतून तोडणं हे होतं. आणि आपल्याकडची आजची बरीच हॉस्टेलं ह्या दोन्हींच्या मधी कुठंतरी आहेत, मुद्दाम कुणी तोडत नाही, पण जोडून ठेवायचंही काम कुणी करत नाही. मैत्रिणीला हरिपाठ तोंडपाठ, गणपतीच्या सगळ्या आरत्या पाठ, स्वच्छ प्रमाण मराठी, आणि घरची पारधी बोली, जी गुजरातीच्या जवळची आहे आणि आपल्याला ऐकून पटकन कळत नाही, ती आठवी-नववीपर्यंत पार पुसली गेली. कुणी मारून पुसली नाही. बोलायला कुणी नव्हतं, आणि बोललं की पोरी हसायच्या.

आता कागदांकडं येते, कारण खरा गुंता इथं आहे आणि बाहेरच्या माणसाला ह्याची काहीच कल्पना नसते.

महाराष्ट्रात फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत. पण तुम्ही त्या जमातीचे आहात हे सिद्ध तुम्हीच करायचं असतं. अनुसूचित जमातींची यादी राष्ट्रपतींच्या आदेशानं ६ सप्टेंबर १९५० ला निघाली, त्यामुळं त्या तारखेच्या आधीचा पुरावा मागतात, म्हणजे वडील, आजोबा, पणजोबा, चुलत आजोबा ह्यांच्यापैकी कुणाच्या तरी नावापुढं जमात लिहिलेला कागद. शाळेचा दाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, गाव नमुना १४ म्हणजे आपण ज्याला कोतवाल बुक म्हणतो तो जन्ममृत्यूचा उतारा, जमिनीचा फेरफार, असलं काहीतरी. आता तुम्हीच विचार करा, ज्या माणसाला गावात राहू देत नव्हते, ज्याच्या नावावर जमीन नव्हती, जो शाळेची पायरी चढला नाही, त्याचा १९५० च्या आधीचा कागद कुठून येणार? पोरगं पालावर जन्मलं तर कोतवालाला सांगायला कोण गेलं असेल?

आमच्या भागात ह्याला अजून एक पदर आहे. आजचा सांगली जिल्हा १९४९ पर्यंत वेगळा नव्हताच, तो आधी दक्षिण सातारा झाला आणि १९६० ला सांगली हे नाव पडलं. त्याच्या आधी ह्या पट्ट्यात नुसती संस्थानांची गर्दी होती, आटपाडी औंध संस्थानात, जत स्वतःचं संस्थान, फलटण वेगळं, सांगली-मिरज पटवर्धनांची, आणि मधीमधी इंग्रजांचा सातारा जिल्हा. ही संस्थानं १९४८ ला मुंबई राज्यात आली. म्हणजे एक फिरतं पारधी कुटुंब वर्षभरात तीन-चार राजवटींच्या हद्दीतून जायचं आणि त्यांची कुठं नोंद झालीच असेल तर ती यातल्या कुठल्या दप्तरात आहे हे शोधायला लागतं. आणि दप्तर सापडलं तरी नोंदी बऱ्याचदा मोडी लिपीत. मैत्रिणीबरोबर मी एका तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये बसले होते, रुमालात बांधलेली दप्तरं, कडा किड्यांनी खाल्लेल्या, पान उलटलं की तुकडा हातात, आणि त्या लपेटेदार अक्षरांतलं एक अक्षर आम्हाला दोघींना वाचता येईना. मोडी वाचणारे एक आजोबा शोधून आणले, त्यांनी भिंगानं बघत बघत पानंच्या पानं चाळली. नावं सापडत होती पण गावातल्या घरंदाज लोकांची. गावाच्या शिवेवरच्या माणसांची नव्हती.

मला ह्यात सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट सांगते. स्वातंत्र्याच्या आधीच्या सरकारी कागदाला पुरावा म्हणून सगळ्यात जास्त वजन असतं, सुप्रीम कोर्टानंच तसं म्हटलंय. म्हणजे आजोबांचं नाव पोलिसांच्या जुन्या वहीत गुन्हेगार जमातीतला फासेपारधी म्हणून चढवलेलं असेल तर तो उतारा नातीच्या कामाचा. ज्या वहीनं घर मोडलं त्याच वहीत आजोबा सापडावेत म्हणून नातीनं देवाला हात जोडायचे. मैत्रीण हे ऐकून बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "असूदे, निदान त्यात तरी नाव असूदे."

त्यातून शाळेतल्या नोंदींची तऱ्हा तर सगळ्यांना माहितीच आहे. जन्मतारीख माहीत नाही म्हणून गुरुजींनी १ जून ठोकून दिलेली, जातीच्या रकान्यात नुसतं "हिंदू" किंवा आडनाव बघून भलतंच काहीतरी लिहिलेलं. मैत्रिणीच्या दाखल्यावर नुसतं "पारधी" होतं, ते तरी होतं. पण हॉस्टेलला आणणाऱ्यांनी वडिलांचं नाव जसं ऐकलं तसं घातलेलं, आणि पालावर त्यांना वेगळ्याच नावानं ओळखायचे, मग हे दोन एकच माणूस आहे हे पण सिद्ध करायचं.

जमातीचा दाखला मिळाला की काम संपत नाही, प्रांत ऑफिसचा दाखला वेगळा आणि व्हॅलिडिटी, म्हणजे तो दाखला खरा असल्याचं तपासणी समितीचं प्रमाणपत्र, वेगळी. खोटे दाखले काढून खऱ्या आदिवासींच्या जागा ढापणारे खूप झाले म्हणून १९९४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तपासणी समित्यांची पद्धत आली, राज्यानं पुढं २००१ ला त्याचा कायदा केला. तपासणी हवीच, ह्याच्याबद्दल माझं दुमत नाही, कारण खोट्या दाखल्याचा पहिला फटका पारधी, कातकरी ह्यांच्याच पोरांना बसतो. समितीकडं कागद कमी पडले की दक्षता पथक घरी चौकशीला जातं आणि एक चाचणी होते, तिला सगळे ॲफिनिटी टेस्ट म्हणतात. तुमचं कुलदैवत कुठलं, लग्नात काय विधी असतात, माणूस गेलं की काय करतात, परंपरेचा धंदा कुठला, बोली येते का, कुळं सांगा, असं विचारतात आणि तुमची उत्तरं जमातीच्या माहितीशी जुळतात का ते बघतात.

आता इथं माझ्या मैत्रिणीसारख्या पोरीचं काय होणार ते तुमच्या लक्षात आलंच असेल. तिला सहाव्या वर्षी त्या सगळ्यातून काढलं, आणि आता विचारणार की सांग तुझ्यातलं लग्न कसं असतं. उलट शहरात बसून कुणी पुस्तकं वाचून उत्तरं घोकली तर तो पास. हा अन्याय कोर्टाच्याही ध्यानात आलाय. आनंद विरुद्ध समिती ह्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की स्थलांतर, शिक्षण, दुसऱ्या समाजांशी संपर्क ह्यामुळं लोकांच्या चालीरीती बदलतात, त्यामुळं ही चाचणी एकमेव कसोटी धरता येणार नाही. आणि मार्च २०२३ ला ठाकूर जमातीच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठानं हेच परत स्पष्ट केलं, की ॲफिनिटी टेस्ट हा सगळ्या पुराव्यातला एक भाग आहे, त्याच्यावरच निकाल लावायचा नाही. अर्ज करताना हे निकाल माहीत असावेत, कारण तुमच्या बाजूनं हे कुणी आपणहून सांगत नाही.

दुसरी एक वाट आहे ती म्हणजे वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाला आधीच व्हॅलिडिटी मिळालेली असेल आणि ती नीट चौकशी होऊन मिळालेली असेल तर त्याचा मोठा आधार मिळतो, मुंबई हायकोर्टाचा २०१० चा अपूर्वा निचळे हा निकाल त्यासाठी सगळे दाखवतात. म्हणजे बघा, चुलता, चुलतभाऊ, आत्या हे सापडणं ही नुसती मनाची ओढ राहत नाही, सरकारी गरज पण होऊन बसते. आणि ह्याचा मैत्रिणीला फार त्रास झाला, कारण इतक्या वर्षांनी तोंड दाखवायचं आणि त्याच बैठकीत वंशावळ विचारायची, लोकांना वाटणार की ही कागदासाठीच आली.

तसं वाटलंच. आत्या आटपाडीच्या पुढं एका गावाच्या गायरानात राहते, पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढं पाल. पोरं रात्री डाळिंबाच्या बागांच्या राखणीला जातात. मैत्रीण पहिल्यांदा गेली तेव्हा सगळ्या बाया एकदम मराठीत बोलायला लागल्या, "या म्याडम, बसा," आणि कुणीतरी लेकराचं लसीचं कार्ड आणून पुढं धरलं. लस टोचायला आलेली सरकारी बाई समजून. ती तिथं बसली होती, आपल्या सख्ख्या आत्यासमोर, आणि आत्या तिला अहोजाहो करत होती. मग आत्यानं सवाल सुरू केले, बाप कोण, आजा कोण, आजाचा भाऊ कुठं मेला, बहात्तरच्या दुष्काळात पाल कुठं होतं. त्यातलं फक्त पहिलं तिला सांगता आलं. आत्यानं तिचा हात धरून उलटासुलटा करून बघितला, लहानपणी चुलीपाशी भाजल्याचा डाग मनगटाच्या वर होता तो सापडला, आणि मग ती जी बोलायला लागली ती आपल्या बोलीत, भराभर, आणि हिला त्यातलं काही म्हणजे काही कळेना. आत्या रडत होती एवढंच कळत होतं. शेजारच्या पोरानं मराठीत सांगितलं, "ती म्हणती, तुला न्यायला आलो होतो, दारावरनं हाकललं."

हे तिला माहीतच नव्हतं. तिला वाटायचं कुणी आलंच नाही.

म्हणून मी म्हणते की जाणं म्हणजे एसटीत बसणं नव्हे. आता ती जमेल तेव्हा जाते, बोली शिकते ती मुख्य म्हणजे बारक्या पोरांकडनं कारण ती चुकीला हसतात पण थांबून परत सांगतात, मोठी माणसं लगेच मराठीवर येतात. मोबाईलवर आत्याचा आवाज रेकॉर्ड करून रात्री ड्युटीवरनं आल्यावर ऐकत बसते. आत्याच्या बीपीच्या गोळ्या तीच बघते.

पण परत जाणं म्हणजे तिथलं सगळं डोक्यावर घेणं नव्हे, आणि ह्यावर बायकांनी मोकळेपणानं बोलायला पायजे. जातपंचायतीचा जाच पारधी समाजातल्या बायकांनी फार सोसलाय, दंड, वाळीत टाकणं, बाईच्या चारित्र्याचा निवाडा पुरुषांनी बसून करणं. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर, त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं २०१३ ला जातपंचायतींच्या विरोधात मोहीम उघडली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचा खून झाला, पण मोहीम थांबली नाही आणि पुढं महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराच्या विरोधात कायदा केला, २०१७ पासून तो लागू आहे, असा कायदा करणारं आपलं पहिलं राज्य. मैत्रिणीनं आत्याच्या घरी स्पष्ट सांगितलंय की मी भाषा घेईन, देव घेईन, माणसं घेईन, पंचांपुढं बसणार नाही. काही जणांना ते आवडलेलं नाही. पण बाहेरच्या माणसानं "बघा तुमच्यात किती मागास" म्हणणं आणि घरच्या पोरीनं घरात उभं राहून नाही म्हणणं ह्यात फार अंतर आहे, आणि दुसरं करायला आधी घरचं व्हावं लागतं.

लग्नाचं पण एकदा सांगून टाकते कारण ह्यात फार घोळ घालतात. तिचा नवरा दुसऱ्या जातीचा आहे, मग लोक म्हणतात आता तू पारधी कुठं राहिलीस. कायदा असं म्हणत नाही. आपल्याकडं जात-जमात जन्मानं ठरते, लग्नानं बदलत नाही, बाईचा दाखला माहेरच्या नावानं आणि वडिलांकडच्या पुराव्यानंच निघतो. कॅनडात उलट होतं, तिथल्या बाईनं बाहेर लग्न केलं की कायद्यानंच तिचा मूळनिवासी दर्जा जायचा, पुरुषाचा जायचा नाही, आणि त्याविरुद्ध तिथल्या बायकांनी कोर्टात, अगदी संयुक्त राष्ट्रांपर्यंत भांडून १९८५ ला तो बदलून घेतला. आपल्याकडं दर्जा जात नाही पण वाटणीत बाई मागं पडते, कारण हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, तिथं रूढी चालते. जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टानं छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सांगितलं की बाईला हिस्सा नाकारणारी रूढी सिद्ध होत नसेल तर बाई म्हणून तिचा वाटा अडवता येणार नाही. पारध्यांकडं मुळात वाटून घ्यायला जमीनच फारशी नाही ही गोष्ट वेगळी. वनहक्क कायदा २००६ चा आहे पण तो जंगलजमीन कसणाऱ्यांसाठी, आमच्या दुष्काळी पट्ट्यातले पारधी गायरानात, आणि तिथं कधीही नोटीस येऊ शकते.

शिकारीचं म्हणाल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो धंदा बंद झाला, आणि प्राणीपक्षी वाचायला हवेत हे मलाही मान्य आहे. पण आत्याच्या दिराला माळावर उभं राहून आवाजावरनं पक्षी कुठं बसलाय ते अजून सांगता येतं, आणि हे ज्ञान पोराला शिकवायचं तर काय सांगून शिकवायचं हा त्याला प्रश्न आहे. माण, खटाव, आटपाडीच्या माळरानांवर पक्षी मोजायला लांबून लांबून लोक येतात, त्यांनी ह्या माणसांना हक्काचा पगार देऊन बरोबर घ्यावं असं मला फार वाटतं.

पोलिसांचं भय मात्र अजून आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं तुरुंगांमधल्या जातिभेदावर निकाल देताना विमुक्त जमातींचा पण विचार केला, जन्मावरनं कुणाला सराईत गुन्हेगार ठरवता येणार नाही आणि पोलिसांनी ह्या लोकांना मनमानीनं उचलू नये असं बजावलं. पालावरच्या माणसाला हा निकाल कुणी वाचून दाखवलेला नाही. मैत्रिणीनं त्याचा मराठीतला सारांश छापून आत्याच्या पोरांना खिशात ठेवायला दिलाय.

ऑस्ट्रेलियात १९८० पासून लिंक-अप नावाची व्यवस्था आहे, लहानपणी तोडलेल्या लोकांना त्यांचं कुटुंब शोधून द्यायचं, भेटीआधी आणि भेटीनंतर बरोबर माणूस द्यायचं, एवढंच तिचं काम. मैत्रिणीला रेकॉर्ड रूम, समिती, पाल सगळं स्वतः करावं लागलं, सुट्ट्या टाकून. म्हणून जे लोक काही करू शकतात त्यांना थेट सांगते. हॉस्टेल चालवत असाल तर पोराला घेताना नुसतं बापाचं नाव लिहू नका, आजा, चुलता, आत्या, पालाची जागा, हाकेची नावं, देव कुठला, बोली कुठली, सगळं लिहून घ्या आणि अठरा वर्षं झाली की ती फाईल पोराच्या हातात द्या. नातेवाईक भेटायला आले तर त्यांच्या कपड्यावर जाऊ नका, आत घ्या, वहीत नोंद करा. जुन्या जिल्हा बोर्डाच्या शाळांत मुख्याध्यापक असाल तर १९५० च्या आधीचं जनरल रजिस्टर कपाटात सडतंय का बघा, त्याचे फोटो काढून ठेवा, आणि कुणी पारधी, कातकरी माणूस उतारा मागायला आला तर उद्या या म्हणू नका, त्याचा एक दिवसाचा रोज बुडतो. आणि मोडी वाचता येत असेल तर सातारा, सांगली, जत, आटपाडी कुठल्याही रेकॉर्ड रूममध्ये तुमची गरज आहे, महिन्यातला एक दिवस दिलात तरी चालेल, मात्र शनिवारी-रविवारी सरकारी कचेऱ्या बंद असतात, त्यामुळं आधी विचारून मधल्या वारी जा.